अकरा रोपं

विशालाक्षीला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून तिच्याबद्दल मी मराठीत लिहिते आहे. तमिळमध्ये लिहिलं असतं तर तिनं चष्मा लावून, ओळीवर बोट फिरवत सगळं वाचलं असतं आणि वर विचारलं असतं, "अक्का, एवढेंच?" आमच्या तंजावरच्या मराठी घरांत बोलणारे पुष्कळ, वाचणारे थोडे. अप्पांनी आम्हां दोघींना बाराखडी शिकवायला बसवलं होतं. मी शिकले. ती पाटीवरचा खडू हुंगत बसायची.

ती माझी धाकटी बहीण, चार वर्षांनी लहान. मला तिचा हेवा वाटतो. अठ्ठावन्न वर्षांची झाले मी, आणि हे वाक्य आज पहिल्यांदा कागदावर उतरवते आहे. तोंडानं तर अजून कुणापाशी काढलेलं नाही. तिच्यापाशी काढायचं आहे ते याहून अवघड आहे, ते पुढं येईलच.

हेव्याची सुरुवात तुपापासून झाली. अम्मा लोणी कढवायला ठेवायची आणि दोन खोल्या ओलांडून हाक मारायची, "विशा, ये गं, तूप झालें का बघ." मी तिथंच, चुलीपासून दोन हातांवर बसलेली असायची. मला कधी विचारलं नाही. विशा दारातूनच नाक वर करायची आणि म्हणायची, "अजून थोडें," आणि अम्मा थांबायची. मी वर्गात पहिली आले ते सांगायला गेले, तर अम्मा म्हणाली, "बरें झालें. विशाला बोलाव, तांदूळ जुना आहे का बघू दे." गणितात शंभरपैकी शंभर मिळवणारी मुलगी घरात होती, पण घर चालायचं ते दहावीत दोनदा गटांगळ्या खाल्लेल्या मुलीच्या नाकावर.

मी कुंभकोणमला वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. केलं आणि तिरुवैयारुच्या वाटेवरच्या भात संशोधनाच्या फार्मवर तांत्रिक सहायक म्हणून लागले. विशालाक्षीला तिथं मीच नेलं. संकराच्या हंगामात हात कमी पडायचे, बायका रोजावर घ्यायचे. तेव्हा ती घरी बसून होती आणि मला वाटलं, येऊ दे. मी पांढरा कोट घालून प्रयोगशाळेत असेन, ती चिखलात असेल. असंच वाटलं होतं मला. आता खोटं कशाला लिहू?

भाताचा संकर म्हणजे काय, ते सांगते. भाताच्या फुलात नर आणि मादी एकाच टरफलात राहतात, आणि फूल उमलता उमलता आपलं आपण फळतं. दोन वेगळ्या जाती जुळवायच्या तर आईच्या फुलातला नर आधी काढून टाकावा लागतो. दुपारनंतर, उद्या उमलणारी फुलं हेरायची, प्रत्येकाच्या टरफलाचं टोक बारीक कात्रीनं उडवायचं आणि चिमट्यानं आतले सहा परागकोश काढायचे. सहाच्या सहा. एक राहिला तरी सगळं फुकट. मग कणसावर बटर पेपरची पिशवी चढवायची, आणि दुसऱ्या दिवशी नऊ-दहाच्या सुमारास बापाचं कणीस आणून त्यात झटकायचं. जो दाणा भरतो त्याचं टरफल वरून कापलेलं असतं, आत तांदळाचं टोक उघडं दिसतं. अशा उघड्या डोक्याचे दाणे मोजले की कुणाचा हात कसा आहे ते कळतं. शंभर फुलं कापली तर माझे वीस भरायचे. विशालाक्षीचे साठ. तिला मी शिकवलं होतं, दोन दुपारी, बांधावर बसून.

मग डॉ. नंदिता आल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या, भाताच्या वंशशास्त्रात डॉक्टरेट, बोलायच्या तमिळमध्ये. त्यांच्या मनात एकच गोष्ट होती, सीरग सांबा. आमच्याकडचा तो जिऱ्याएवढा बारीक दाण्याचा तांदूळ, शिजला की तीन घरं ओलांडून वास जातो. पण रोप उंच, माणसाच्या छातीला लागेल एवढं, आणि ऐप्पसीचा, म्हणजे आश्विन-कार्तिकातला, पाऊस सुरू झाला की शेत आडवं. नंदितांना फार्मवरच्या एका बुटक्या, दणकट जातीशी त्याचा संकर करायचा होता. दाणा आणि सुगंध बापाचा घ्यायचा, बुटकेपण आईचं. २०१९च्या डिसेंबरात विशालाक्षीनं फुलं कापली, पराग झटकला, आणि उघड्या डोक्याचे एकोणीस दाणे नंदितांच्या हातात दिले. नंदिता मला म्हणाल्या, "तुमच्या बहिणीच्या हातात जादू आहे." मी म्हटलं, "हो ना." घरी जाऊन मी स्वयंपाकघरात उगाच भांडी आपटली.

पुढच्या सांबा हंगामात, म्हणजे ऑगस्ट ते जानेवारीच्या मोठ्या भातपिकात, ती एकोणीस रोपं वाढली. ऐप्पसीत एका सकाळी विशालाक्षी प्रयोगशाळेच्या दाराशी आली, पाय चिखलात भरलेले, म्हणून आत येईना. तिच्या हातात पानाचा तुकडा चुरगळलेला.

"अक्का, उलटेंच झालें की," ती म्हणाली. "बापाची उंची आली, आणि वास नाही. एकालाही नाही. नक्को तें सगळें आलें आणि हवें तें कांहीच आलें नाही."

मी पान हुंगलं. तेव्हा मला वास येत होता. खरंच, नुसत्या गवताचा वास.

"माझा कुठें हात चुकला काय की," ती म्हणाली. "हें डॉक्टरम्माला कसें दाखवूं? उपटून टाकूं का?"

आता जरा थांबून शास्त्र सांगावं लागेल, कारण माझा गुन्हा त्या शास्त्रात आहे. प्रत्येक रोपाकडे प्रत्येक गुणाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. त्या प्रतीला जनुक म्हणायचं. भाताचा सुगंध हा एक जनुक बंद पडल्यामुळे येतो. चालू असलेला जनुक सुगंधाचा माल साठू देत नाही, तो बंद पडला की माल साठतो आणि वास दरवळतो. पण त्यासाठी दोन्ही प्रती बंद असाव्या लागतात. आईकडून एक चालू प्रत आली की संपलं, वास नाही. बुटकेपणाचंही तसंच आहे, दोन्ही प्रती बुटक्या असल्या तरच रोप बुटकं राहतं. तेव्हा पहिल्या पिढीतलं प्रत्येक रोप उंच आणि बिनवासाचं असणार, असायलाच हवं. ते बापासारखं उंच झालं हाच संकर जमल्याचा पुरावा, कारण आई बुटकी होती. बंद प्रत आत गपचूप बसलेली असते. त्या रोपांच्या बिया पेरल्या की नातवंडांत ती वर येते, चारांत एक सुवासिक, चारांत एक बुटकं, आणि दोन्ही एकत्र सोळांत एक. मठात वाटाणे लावणाऱ्या मेंडेलनं हे दीडशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय आणि मी ते कुंभकोणमला पहिल्या वर्षी, पहिल्या महिन्यात शिकले होते.

हे तिला सांगायला मला चार वाक्यं पुरली असती. तिच्या कपाळाला माती लागली होती. साठ दाणे भरणारी विशालाक्षी, अम्माची विशा, माझ्या दारात उभी राहून मला विचारत होती. जन्मात पहिल्यांदा मला काहीतरी माहीत होतं जे तिला हवं होतं.

मी म्हटलं, "तुझ्या मनाला येईल तें कर."

ती गेली. प्रयोगशाळेच्या खिडकीतून तो तुकडा दिसतो. मी खिडकीशी उभी राहिले. तिनं पहिलं रोप उपटलं, मुळाची माती झटकली, नीट बांधावर ठेवलं. दुसरं, तिसरं. मी मोजत होते. खिडकी उघडी होती, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. अकरा झाली. बारावं धरून ती वाकली तेव्हा नंदितांची स्कूटर आत आली, आणि मी आयुष्यात ऐकलेली सगळ्यांत मोठी किंचाळी मी ऐकली.

आठ रोपं उरली. खरं सांगायचं तर एकानंही भागलं असतं, एका रोपाला हजारावर दाणे येतात. पण नंदिता संतापल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कुणाला विचारून उपटलंत?" विशालाक्षी खाली मान घालून म्हणाली, "मलाच वाटलं." मी तोवर बाहेर आले होते, तिच्यापासून चार पावलांवर. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नंदितांनी तिला संकराच्या कामावरून काढलं आणि हंगामभर पाखरं हाकायला बसवलं. तीन महिने ती मचाणावर बसून पत्र्याचा डबा वाजवत होती. तो आवाज प्रयोगशाळेत येत होता. मला तो गोड लागायचा, आणि गोड लागतो म्हणून चीडही यायची.

पोंगलनंतर नंदितांनीच तिला बोलावून, फळ्यावर चौकटी काढून, चारांत एक आणि सोळांत एक समजावून सांगितलं. मी तिथं खडू देत होते. विशालाक्षी ऐकत राहिली. शेवटी तिनं एकच विचारलं, "हें शाळेत शिकवितात का, मॅडम?"

"कॉलेजात," नंदिता म्हणाल्या. "पहिल्याच वर्षी. बी.एस्सी. झालेल्या कुणालाही माहीत असतं."

"सरी, कळलें," विशालाक्षी म्हणाली, आणि घरी जाताना बसमध्ये माझ्याशी नेहमीसारखी वांग्यांच्या भावाबद्दल बोलली.

त्या मे महिन्यात मला ताप आला. त्या वर्षी सगळ्यांना आला तोच. मी उठले, हिंडू-फिरू लागले, पण कॉफीला वास नव्हता. साबणाला नव्हता. कापूर नाकाशी धरला, नुसती थंड झोंब आली. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आला नाही, आजतागायत नाही. मी कुणाला सांगितलं नाही, कारण पावसाळ्यानंतर फार्मवर वास घेण्याचं मोठं काम निघणार होतं आणि त्या टेबलावर माझी खुर्ची ठरलेली होती. बी.एस्सी. म्हणून माझी पहिली, मग एका शेतकी अधिकाऱ्याची, आणि तिसरी नंदितांनी विशालाक्षीला दिली. मला वास येत नाही हे कळलं असतं तर मी उठले असते आणि ती राहिली असती. आमच्या दोघींचे नवरे या गोष्टीत येत नाहीत, ते फक्त जेवायला येतात. तरी त्यांनाही मी सांगितलं नाही.

त्या हंगामात नातवंडं उगवली. आठशे रोपांतली बुटकी वेगळी काढली, दोनशे निघाली. प्रत्येकाच्या पानाचे तुकडे काचेच्या छोट्या ताटलीत घालायचे, त्यावर पोटॅशचं सौम्य पाणी ओतून झाकण ठेवायचं, दहा मिनिटांनी झाकण उचलून हुंगायचं आणि शून्य ते तीन असा आकडा लिहायचा. माझ्यासमोर ताटली आली. मी हुंगलं. भिंत हुंगल्यासारखं.

मग मी विशालाक्षीकडे पाहिलं. लहानपणापासून मला तिचा चेहरा पाठ आहे. सुगंध आला की ती डोळे मिटते, वास जोरात असला तर जास्त वेळ. अम्माच्या तुपापाशीही तसंच करायची. मी तिच्या पापण्या बघून आकडे लिहिले. दोनशे ताटल्या, चार दिवस. ती सावकाश हुंगायची, डोळे मिटायची, जरा थांबायची, मगच पेन उचलायची. मला वाटलं, हिला काही कळत नाही. मला हसू यायचं. जिच्या नाकावर मी जळत होते तेच नाक मी चोरून वापरत होते, आणि तरी जळणं कमी होत नव्हतं.

दोनशेत किती सुवासिक निघायला हवी? चारांत एक म्हणजे पन्नास. विशालाक्षीनं काढली सत्तेचाळीस. नंदितांनी त्यांच्या यंत्रावर सगळ्या रोपांचा डी.एन.ए. तपासला. मी मनात म्हणत होते, निदान पाच तरी चुकू देत, तीन तरी. यंत्राचा कागद आला. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस बरोबर, एकही सुटलेलं नाही. नंदितांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, तळहात लाल होईपर्यंत.

"मग यंत्र असताना नाकं कशाला, मॅडम?" मी विचारलं. त्यात किती विष होतं ते नंदितांना कळलं नाही.

"यंत्र जनुक बंद आहे की चालू एवढंच सांगतं," त्या म्हणाल्या. "भात शिजल्यावर वास किती येतो आणि कसा येतो, ते नाकच सांगणार."

त्यांच्याकडे आणखी एक वाट होती, आणि ती ऐकून मला काही दिवस फार बरं वाटलं. फार्मच्या मागं बारीक जाळीची बंद खोली आहे. तिथं त्या त्याच बुटक्या जातीवर थेट काम करत होत्या. संकर नाही, बाप नाही, कात्री-चिमटा नाही. पेशीत एक रेणूंची कात्री सोडायची, ती डी.एन.ए.च्या आठ-दहा कोटी अक्षरांमधून, अहो आठ-दहा नव्हे, चाळीस कोटींमधून नेमकी तो सुगंध अडवणारा जनुक शोधून तिथंच कापते. पेशी तो काप घाईघाईनं सांधते, सांधताना अक्षरं चुकतात, जनुक बंद पडतो. पुढच्या पिढीत कात्री नसलेली रोपं निवडायची. दुसऱ्या कुठल्या जिवाचा जनुक आणून घालणं ते वेगळं. इथं बाहेरचं काही ठेवायचं नव्हतं, घरातलाच एक दिवा मालवायचा होता. दोन वर्षांत बुटका सुवासिक तांदूळ तयार.

मी घरी येऊन विशालाक्षीला सांगितलं, अगदी चवीनं. "तुझें काम आता कात्री करणार. दहा वर्षांचें काम दोन वर्षांत."

"चांगलें आहे की," ती म्हणाली. "बायकांची कंबर वाचेल."

अशा माणसावर चिडायचं तरी कसं? मी चिडलेच. आणि नंतर कळलं की कात्रीचा तांदूळ सुवासिक झाला खरा, पण दाणा आईचाच राहिला, जाड. कात्रीला सांगितलेलं एकच काम ती करते. संकरात दोन्ही घरांचा सगळा संसार ढवळून निघतो, त्यातून दाणा, चव, काडी, सगळं निवडत बसावं लागतं. सुगंध आणि बुटकेपण एकदा दिसलं की पक्कं, पण बाकीचे गुण पाच-सहा पिढ्या हलत राहतात. कात्रीच्या रोपांना परवानग्यांचे कागदही लागत होते. नंदिता दोन्ही वाटा चालत राहिल्या, आणि विशालाक्षी दर हंगामात शेतात फिरून निवडत राहिली. सत्तेचाळीसमधून नऊ, नऊमधून चार. शेवटी एक उरलं, आम्ही त्याला नुसतं सदतीस म्हणायचो, कारण ते दुसऱ्या पिढीत सदतिसाव्या ताटलीत होतं. गुडघ्याच्या वर जेमतेम, आणि दाणा जिऱ्यासारखा. दरवर्षी ताटल्या मांडल्या जायच्या, आणि दरवर्षी मी पापण्या बघून आकडे लिहायची.

या वर्षी पोंगल झाल्यावर शेवटची परीक्षा ठेवली. शिजवलेला भात, पाच वाट्या, नावाऐवजी अक्षरं. यातल्या आकड्यांवर सदतीसला पुढच्या मोठ्या चाचणीला पाठवायचं की नाही ते ठरणार होतं. मी आत गेले आणि दारातच थांबले. टेबलावर पुठ्ठ्याचे आडोसे लावले होते, प्रत्येकाला वेगळी खोली केल्यासारखं. विशालाक्षी माझ्या उजवीकडे होती आणि मला तिच्या अंबाड्याचा गजरा तेवढा दिसत होता.

पाच वाट्या समोर. वाफ नाकाला लागत होती, ओली आणि गरम, बस. दाण्यावरून ओळखावं म्हटलं तर भात मोडून ठेवलेला. मी अंदाजानं लिहिलं. पहिलीला तीन, दुसरीला एक, तिसरीला शून्य. शून्य लिहिलं आणि हात थांबला. ही तिसरी सदतीस असली तर? सहा वर्षं तिनं चिखलात घालवली आणि मी एका शून्यानं ते संपवणार. माझ्या मनात काय आलं ते लिहिते, कारण लिहायचंच ठरवलं आहे. मनात आलं, होऊ दे. पत्र्याचा डबा पुन्हा ऐकू आला. मग मला खिडकीतून दिसलेली तिची वाकलेली पाठ आठवली, प्रत्येक रोपाची माती झटकून ते नीट बांधावर ठेवणारी. फेकून देत नव्हती ती. मी कागद घेऊन उठले आणि थेट नंदितांच्या खोलीत गेले.

"मॅडम, माझा कागद मोजू नका," मी म्हटलं. "मला वास येत नाही. पाच वर्षं झाली. मी खोटे आकडे लिहिलेत, दर वर्षी."

नंदितांनी खुर्ची पुढं केली. त्या चिडल्या नव्हत्या, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"बसा," त्या म्हणाल्या. "तुमचे आकडे आम्ही मोजतच नाही, मॅडम. २०२१पासून. मोजायची माणसं तीनच, विशालाक्षी अम्मा, अधिकारी, आणि तुम्ही उठल्यावर त्याच ताटल्या हुंगणारी मी."

"कुणी सांगितलं तुम्हांला?"

"त्यांनीच. पहिल्याच दिवशी, दहा ताटल्या झाल्यावर. म्हणाल्या, अक्काला उठवू नका, तिचं मन मोडेल. पण तिचे आकडे भातात घालू नका."

मी घरी बसनं आले नाही, रिक्षा केली. मानंबुचावडीतलं अम्माचं घर आम्ही दोघींनी वाटून घेतलंय, पुढचा भाग माझा, मागचा तिचा, मधलं दार उघडंच असतं. ती संध्याकाळी आली, चपला काढल्या, आणि मी मधल्या दारात उभी राहून तिच्यावर तुटून पडले. पाच वर्षं मला बाहुलीसारखं बसवलंस. पाच वर्षं माझ्याकडे बघून मनात हसलीस. मला का नाही सांगितलंस?

"हसलें नाही," ती म्हणाली. "तुला बघतां यावें म्हणून डोळे जास्त वेळ मिटीत होतें. तेवढेंच."

"मग डॉक्टरम्माला जाऊन कशाला सांगितलेंस?"

तिनं पदरानं गळा पुसला.

"तूं चुकत होतीस, अक्का. चुकणाऱ्याला कोणी तरी थांबवावें ना," ती म्हणाली. "मी अकरा रोपें उपटलीं तेव्हां तूं खिडकींत होतीस. पहिलें उपटतांना मी वळून बघितलें होतें. मला वाटलें, अक्का बी.एस्सी. आहे, चुकत असलें तर हांक मारील. हांक आली नाही, म्हणून दुसरें उपटलें."

एवढं बोलून ती आत गेली आणि कुकर लावला. रागानं नाही. तिला भूक लागली होती.

सदतीस पुढच्या चाचणीला गेलं. तिसरी वाटी सदतीसची नव्हतीच, जाड्या आईची होती, तेव्हा माझं शून्य चुकून बरोबर होतं. नंदितांनी विशालाक्षीला विचारून मूठभर तांदूळ घरी दिला. ती शिजवत असताना शेजारची अलमेलु भिंतीवरून विचारायला आली, आज काय विशेष. मी चुलीपासून दोन हातांवर बसले होते, जिथं लहानपणी बसायची, आणि मला काही म्हणजे काही आलं नाही. विशालाक्षीनं डोळे मिटले होते, बराच वेळ. मी तिच्याकडे बघत होते. हेवा वाटला. अजून वाटतो.

हे सगळं मी आठ दिवस लिहीत होते आणि ती येता-जाता विचारायची, काय लिहितेस. काल मी सांगितलं, तुझ्याबद्दल आहे. ती हात पुसून समोर येऊन बसली आणि म्हणाली, "मग वाच. मला अक्षर येत नाही, कान आहेत."

मी वाचायला लागले. तूप वाचलं, ती हसली. वीस आणि साठ वाचलं, तेव्हा म्हणाली, "बासष्ट होते." मग ती चिखलाच्या पायांनी दाराशी उभी राहते तिथपर्यंत आले, आणि पुढची माझ्या तोंडची ओळ, 'तुझ्या मनाला येईल तें कर', माझ्याच्यानं वाचवेना. तिला सगळं ठाऊक आहे. तरी ते माझ्या तोंडून निघायचं अजून बाकी आहे, आणि ते आम्ही दोघीही जाणतो. मी तीनदा सुरुवात केली, तिन्ही वेळा पहिल्याच शब्दावर अडखळले.

ती उठली, तांब्या आणून माझ्यासमोर ठेवला आणि परत जागेवर बसली.

"पाणी पी, अक्का," ती म्हणाली. "मी बसलें आहे."